टेक्स्ट टू स्पीच आणि स्क्रीन रीडर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न आमच्याकडे सतत येत असतात. कुणी आईसाठी विचारतं, कुणी शाळेतल्या मुलासाठी, कुणी पतसंस्थेची वेबसाइट बनवतोय म्हणून विचारतं. बहुतेकांची गाडी एकाच जागी अडते, की फोन वाचून दाखवतोय ना, मग अजून काय पाहिजे. म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवलंय. सुरुवातीला सोपं आहे, पुढे किचकट होत जातं, आपापला प्रश्न शोधून तेवढाच वाचला तरी चालेल.

१. टेक्स्ट टू स्पीच आणि स्क्रीन रीडर एकच ना? दोन्ही बोलतातच की.

बोलतात दोन्ही, पण काम वेगळं. टेक्स्ट टू स्पीच म्हणजे टीटीएस, ते तुम्ही दिलेला मजकूर आवाजात वाचतं. बातमी उघडली, 'रीड अलाउड' दाबलं, वरपासून खालपर्यंत वाचलं, संपलं. यात धरून चाललेलं असतं की बातमी शोधणं, ती उघडणं आणि ते बटन कुठंय ते बघणं हे तुम्ही डोळ्यांनी केलंय. स्क्रीन रीडर असं काहीच धरून चालत नाही. फोन किंवा कंप्युटर सुरू झाला की तोही सुरू, आणि मग बोट कशावर आहे, ते बटन आहे का लिंक, चेकबॉक्सला टिक आहे की नाही, फॉर्ममध्ये कुठला रकाना चुकला, बॅटरी किती राहिली, फोन कुणाचा येतोय हे सगळं तो सांगत राहतो, आणि ते ऐकून तुम्ही पुढचं काम करता. टीटीएसवर तुम्ही ऐकता, स्क्रीन रीडरवर तुम्ही फोन चालवता. स्क्रीन पूर्ण काळी ठेवून कुणाला पैसे पाठवून बघा, फरक लगेच कळेल.

२. मग स्क्रीन रीडरच्या आत टीटीएस असतं का नसतं?

असतं. आवाज काढायचं काम टीटीएस इंजिनच करतं, काय बोलायचं आणि कधी गप्प बसायचं ते स्क्रीन रीडर ठरवतो. विंडोजवरच्या एनव्हीडीए या स्क्रीन रीडरबरोबर ईस्पीक एनजी नावाचं इंजिन येतं, त्यात मराठीसुद्धा आहे, नाही आवडलं तर दुसरं जोडता येतं, स्क्रीन रीडर तोच राहतो.

आणि आवाज पूर्ण बंद केला तरी स्क्रीन रीडर चालतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. ब्रेल डिस्प्ले नावाचं यंत्र जोडलं की स्क्रीनवरची ओळ बोटाखाली ठिपक्यांत उमटते. ज्यांना दिसत नाही आणि ऐकूही येत नाही ते असंच काम करतात, तिथे टीटीएसचा संबंधच येत नाही.

एक गोष्ट इथेच सांगतो कारण पुढे सारखी लागणार आहे. स्क्रीन रीडर स्क्रीनचं चित्र बघत नाही (आता थोडंफार बघायला लागलाय, प्र. २० बघा). प्रत्येक बटनाचं नाव, प्रकार आणि स्थिती ॲप बनवणाऱ्याने सिस्टिमला सांगायची असते, तीच माहिती तो उचलतो. बनवणाऱ्याने नावच दिलं नसेल तर तो नुसतं 'बटन' म्हणतो. असली पाच बटनं एका रांगेत असली की माणूस हतबल होतो.

३. आईला मधुमेहामुळे कमी दिसायला लागलंय, पूर्ण गेलं नाहीये. तिच्या फोनवर काय लावून देऊ?

आधी अक्षर मोठं करा, काळ्यावर पांढरं करून बघा, मॅग्निफिकेशन लावा. त्यानंतर अँड्रॉइडवर 'सिलेक्ट टू स्पीक', त्यात परिच्छेदावर बोट ठेवलं की तेवढंच वाचतं. आयफोनला 'स्पीक स्क्रीन' आहे, ते सेटिंगमधून चालू केलं की दोन बोटं वरून खाली ओढायची आणि पूर्ण पान वाचलं जातं. हे दोन्ही टीटीएस आहेत आणि नजर शिल्लक असलेल्यांना खूप उपयोगी पडतात.

पण आईला फोन उचलायचं बटन सापडत नसेल, ओटीपी कुठे टाकायचा ते दिसत नसेल, तर टीटीएस पुरणार नाही, स्क्रीन रीडरच लागेल. आमचं मनापासून सांगणं आहे की थोडी नजर आहे तोवरच रोज दहा-पंधरा मिनिटं शिकवा. नंतर एकदम शिकताना त्रास होतो, आणि लोक फोनच सोडून देतात, ते बघवत नाही.

४. मुलाला डिस्लेक्सिया आहे. शाळेने स्क्रीन रीडर वापरा सांगितलं. बरोबर आहे का?

बहुतेक शाळेला टीटीएस म्हणायचं असणार. तुमच्या मुलाला स्क्रीन दिसते, बटनं सापडतात, अडचण अक्षरं जुळवून वाचण्यात आहे. त्याला वाचतावाचता शब्द रंगवून दाखवणारं साधन पाहिजे, म्हणजे कान आणि डोळा बरोबर चालतात. एज ब्राउझरमधलं 'रीड अलाउड' हे करतं, त्याच्याच 'इमर्सिव्ह रीडर'मध्ये ओळींमधली जागा वाढवता येते, बाजूची गर्दी घालवता येते. स्क्रीन रीडर दिला तर तो मध्ये मध्ये 'लिंक', 'हेडिंग लेव्हल टू' असं बोलत राहील आणि पोरगं वैतागेल.

बाकी २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगता धरली आहे, विशिष्ट अध्ययन अक्षमताही त्यात आहे, त्यामुळे सवलत मागताना कुणाला संकोच वाटायचं कारण नाही.

५. फोनमध्ये स्क्रीन रीडर आधीच असतं का? मी टॉकबॅक चालू केलं तर फोनच चालेनासा झाला!

आधीच असतं आणि फुकट असतं. अँड्रॉइडला टॉकबॅक, आयफोनला व्हॉइसओव्हर, तो २००९ च्या थ्रीजीएसपासून आहे. फोन बिघडलेला नाही, टॉकबॅक चालू झालं की बोटांची भाषा बदलते. एकदा टेकवलं की फक्त काय आहे ते सांगतं, उघडायचं असेल तर दोनदा पटपट टेकवायचं. उजवीकडे सरकवलं की पुढची गोष्ट, डावीकडे सरकवलं की मागची. पान वरखाली करायला दोन बोटं. बंद करायचं तर आवाजाची दोन्ही बटनं तीनेक सेकंद धरून ठेवा, तो शॉर्टकट चालू असेल तर लगेच बंद होतं, नाहीतर ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये जा. पहिल्या दिवशी सगळ्यांचीच तारांबळ उडते. टॉकबॅकमध्ये शिकवणी आहे, ती पूर्ण करून मगच फोन घरच्यांच्या हातात द्या.

६. कंप्युटरवर स्क्रीन रीडर म्हणून जॉज घेऊ का एनव्हीडीए?

फुकटात सुरुवात करायची तर एनव्हीडीए, डोळे झाकून सांगतो. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात मायकेल करन यांनी सुरू केलं, नंतर जेम्स तेह आले, दोघेही स्वतः अंध. पेनड्राइव्हवर घालून कुणाच्याही मशीनवर चालवता येतं. जॉज त्याहून जुना, विंडोजवर १९९५ पासून, विकतचा आहे, आणि काही ऑफिसांतल्या जुन्या सॉफ्टवेअरला त्याची जोडणी चांगली असते, तशी नोकरी असेल तर कंपनीला घ्यायला सांगा. लायसन्सशिवाय तो ४० मिनिटं चालतो, मग मशीन रिस्टार्ट करावं लागतं. विंडोजमध्ये नॅरेटर असतोच (विंडोज, कंट्रोल आणि एंटर एकत्र दाबा), मॅकवर व्हॉइसओव्हर, लिनक्सवर ऑर्का.

७. अंध लोक एवढ्या फास्ट आणि यंत्रासारख्या आवाजात का ऐकतात? आता किती छान आवाज आलेत.

कारण त्यांना गोष्ट ऐकायची नसते, काम करायचं असतं. मेनूतून खाली जाताना पहिला अर्धा शब्द ऐकूनच कळतं की आपल्याला हा नकोय, लगेच पुढे. की दाबल्याबरोबर आवाज यायला पाहिजे आणि पुढची दाबल्याबरोबर आधीचा तुटला पाहिजे. गोड एआय आवाज बरेचदा नेटवरून येतात, सुरू व्हायला क्षणभर घेतात, वेग वाढवला की शब्द एकमेकांत मिसळतात. ईस्पीक कोरडा वाटतो पण अतिवेगातही त्याची अक्षरं स्वच्छ राहतात. म्हणून अनुभवी माणूस कामाला तोच ठेवतो आणि रात्री कादंबरी ऐकायला दुसरा चांगला आवाज लावतो. तुम्ही नवीन असाल तर हळू ठेवा, कुणाशी स्पर्धा नाही, कान आपोआप तयार होतो.

८. मराठी आवाज कुठे मिळेल? आणि हिंदी आवाजाने मराठी वाचलं तर काय बिघडतं?

अँड्रॉइडला गूगलच्या स्पीच सर्व्हिसेसमध्ये मराठी आहे, सेटिंगमधून भाषा डाउनलोड करून घ्या म्हणजे नेटशिवाय चालेल. एज ब्राउझरमध्ये आरोही आणि मनोहर असे दोन मराठी आवाज आहेत, ऐकायला फार छान, पण नेट लागतं. एनव्हीडीएला ईस्पीकचं मराठी. आयफोनच्या नव्या आवृत्त्यांतही मराठी आवाज मिळतो.

हिंदी आवाजाने वाचलं तर बिघडतं आणि चांगलंच बिघडतं. 'चमचा' आणि 'चार' मधले च आपण वेगळे म्हणतो, हिंदी आवाज दोन्ही सारखेच म्हणतो. 'केलं', 'झालं' मधल्या शेवटच्या अनुस्वाराचं नाकातलं काहीतरी करून टाकतो. सगळ्यात वाईट आकड्यांचं. ७९ ला तो उन्यासी म्हणणार, आणि आयुष्यभर एकोणऐंशी म्हणत आलेल्या आजोबांना वीजबिल किती आलं तेच कळणार नाही.

वेबसाइटवाल्यांनो, हे तुमच्यासाठीही आहे. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी अशी लिहा. लिपी देवनागरी दिसली म्हणून स्क्रीन रीडरला मराठी का हिंदी ते कळत नाही, कोडमध्ये लिहिलेलं असेल तर तो आपणहून मराठी आवाजावर जातो. मराठी साइटचं टेम्प्लेट इंग्रजीवरून उचललेलं आणि भाषा इंग्रजीच राहून गेलेली, हे आम्ही इतक्या वेळा बघितलंय की नवीन साइट आली की आधी तेच तपासतो.

९. पीडीएफ उघडली की भलतंच वाचतं, 'एच के के जे आर' असलं काहीतरी. अक्षरं तर मराठीच दिसतायत!

फोन ठीक आहे, फाइल तशी आहे. हा प्रश्न महाराष्ट्रातून सगळ्यात जास्त येतो म्हणून नीट सांगतो.

युनिकोड (म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा संकेत देणारी पद्धत) येण्याआधी, आणि काही ऑफिसांत अजूनही, मराठी टायपिंग श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी, डीव्हीबी योगेश असल्या फॉन्टमध्ये व्हायचं. या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे आकार बसवलेले असतात. कृतिदेवमध्ये 'भारत' लिहिलं की फाइलमध्ये साठवलं जातं एच, के, के, जे, आर. डोळ्याला 'भारत' दिसतं कारण फॉन्टने त्यावर मराठी आकार चढवलाय. टीटीएस आणि स्क्रीन रीडर आकार बघत नाहीत, आत काय साठवलंय ते वाचतात, म्हणून दोघेही तिथे सारखेच आंधळे होतात. शासनाचा जुना आदेश, विद्यापीठाच्या नोट्स, दिवाळी अंकाची जुनी पीडीएफ, सगळीकडे हेच.

तपासायची युक्ती सोपी आहे. पीडीएफमधली एक ओळ कॉपी करा आणि व्हॉट्सॲपमध्ये पेस्ट करा. मराठी उमटली तर वाचली जाईल. इंग्रजी कचरा आला तर जुना फॉन्ट. मराठीच आली पण काने-मात्रे इकडचे तिकडे झाले असतील तर मजकूर युनिकोडमध्येच आहे, पण पीडीएफ बनवताना गडबड झालीय. काहीच सिलेक्ट होत नसेल तर ती पीडीएफ म्हणजे नुसता फोटो, त्यासाठी प्र. १० बघा.

उपाय: पाठवणाऱ्याकडे मूळ वर्ड फाइल मागा, मिळाली तर फॉन्ट कन्व्हर्टरने युनिकोड होते, नंतर जोडाक्षरं आणि रफार एकदा तपासून घ्या. मूळ फाइल नसेल तर ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर काढणं (प्र. १० बघा). आणि तुम्ही स्वतः टाइप करत असाल तर कृपा करून युनिकोडमध्येच करा. छापायला श्रीलिपी लागते असं प्रेसवाले म्हणत असतील तर छपाईसाठी एक फाइल ठेवा आणि लोकांना पाठवायला दुसरी. तुमच्या पाच मिनिटांनी एका मुलाचं वर्ष वाचतं, हे आम्ही उगाच फुगवून सांगत नाहीये, नोट्स वाचता न आल्यामुळे विषय सोडणारी मुलं आमच्यासमोर बसलेली असतात.

१०. ग्रुपवर आलेली नोटीस वाचतच नाही, नुसतं 'फोटो' म्हणतं.

कारण तो फोटोच आहे. फोटोतला मजकूर काढायला ओसीआर लागतं. फोनवर गूगल लेन्सला मराठी छापील अक्षर चांगलं कळतं. स्कॅन केलेली फाइल असेल तर गूगल ड्राइव्हवर टाकून गूगल डॉक्समध्ये उघडा, मजकूर निघतो. मग तो टीटीएसने ऐका नाहीतर स्क्रीन रीडरने. अनुस्वार आणि आकडे मात्र ओसीआरमध्ये हमखास चुकतात, तारीख, रक्कम आणि औषधाचं प्रमाण कुणाकडून तरी खात्री करून घ्या.

ग्रुप चालवणाऱ्यांनी नोटिशीच्या फोटोखाली दोन ओळी टाइप केल्या तर हा सगळा उपद्व्यापच वाचतो. आणि ठळक दिसावं म्हणून वेगळ्या चिन्हांतली फॅन्सी अक्षरं वापरू नका, ती गणिताची चिन्हं असतात, स्क्रीन रीडर त्यांना एकेक करून वाचतो किंवा गाळतो. एकाच इमोजीची दहा वेळा माळ लावली तर तीही ऐकावी लागू शकते.

११. नुसतं ऐकून मुलं शुद्धलेखन कसं शिकणार?

नुसत्या टीटीएसवर नाही शिकणार, ही काळजी खरी आहे. 'दिन' आणि 'दीन' कानाला सारखेच. टीटीएस वाक्य वाचून पुढे जातं, मध्ये थांबून हा इकार कुठला ते विचारता येत नाही. स्क्रीन रीडरमध्ये बाणाच्या बटनाने एकेका अक्षरावर जाता येतं, पाहिजे तितक्या वेळा मागे पुढे. तरी खरा उपाय ब्रेलच. भारती ब्रेलमध्ये ह्रस्व इ चे ठिपके २-४ आणि दीर्घ ई चे ३-५, बोटाखाली चुकायचा प्रश्नच नाही, उ आणि ऊ चंही तसंच. म्हणून फोन आला, आता ब्रेल कशाला, असं म्हणणाऱ्या पालकांशी आम्ही वाद घालतो. लहान मुलाला तिन्ही द्या. टीटीएस गोष्टी ऐकायला, स्क्रीन रीडर काम करायला आणि ब्रेल लिहायला-वाचायला.

१२. आमच्या वेबसाइटवर 'ऐका' बटन लावलंय. आता साइट अंधांसाठी झाली ना?

नाही. वाईट वाटेल पण स्पष्टच सांगतो.

जिला दिसत नाही तिने ते 'ऐका' बटन शोधायचं कसं? तिच्याकडे स्क्रीन रीडर असणारच, नाहीतर ती तुमच्या साइटपर्यंत पोचलीच नसती. आणि तो असेल तर तुमच्या बटनाचा तिला उपयोग काय? उलट ते दाबलं गेलं की दोन आवाज एकमेकांवर बोलतात. तुमचा आवाज लेख वाचतो पण मेनू वाचत नाही, अर्जातला 'वडिलांचे नाव' हा रकाना वाचत नाही, सबमिट केल्यावर लाल अक्षरात आलेली चूक सांगत नाही. म्हणजे तो नेमका तिथे गप्प असतो जिथे माणूस अडतो. शेजाऱ्याने पेपर वाचून दाखवला म्हणून बँकेतला फॉर्म आपल्याला भरता येत नाही, तसंच हे.

तिला तुमच्याकडून आवाज नकोय, नावं पाहिजेत. प्रत्येक बटनाला नाव, प्रत्येक रकान्याला लेबल, फोटोला त्यात काय आहे ते सांगणारा ऑल्ट टेक्स्ट, आणि खरी हेडिंग. नुसतं अक्षर मोठं आणि जाड केलं की हेडिंग होत नाही, कोडमध्ये हेडिंग म्हणून लिहावं लागतं. स्क्रीन रीडर वापरणारे पान वरपासून वाचत नाहीत, हेडिंगवरून उड्या मारतात. वेबएम या ॲक्सेसिबिलिटीवर काम करणाऱ्या संस्थेने स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांच्या केलेल्या, २०२४ मध्ये आलेल्या सर्व्हेत ७१.६ टक्के लोकांनी सांगितलं की मोठ्या पानावर काही शोधायचं तर ते आधी हेडिंग बघतात. हेडिंगच नसेल तर सगळं पान ओळीने ऐकत बसायचं.

एक कोडची ओळ टाका आणि साइट आपोआप ॲक्सेसिबल, म्हणजे दिव्यांगांना वापरता येण्याजोगी होईल असं सांगून विकली जाणारी विजेट असतात, त्यांच्याबद्दलही बरेच जण विचारतात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२५ मध्ये ॲक्सेसीबी या कंपनीला असल्याच दाव्यांवरून १० लाख डॉलर भरायला लावले. ते पैसे तुमच्या डेव्हलपरला द्या आणि लेबल नीट करून घ्या.

'ऐका' बटन काढून टाका असं म्हणत नाहीये हं. प्र. ३ आणि ४ मधल्या लोकांना ते उपयोगी आहे, वाचायचा कंटाळा येणाऱ्यालाही आहे. राहू दे. फक्त ते लावलं म्हणून बाकीचं काम झालं असं मानू नका.

१३. मग साइट स्वतः तपासायची कशी? आम्हाला स्क्रीन रीडर येत नाही.

आधी माउस काढून ठेवा आणि टॅब बटनाने पूर्ण साइट फिरून बघा. आपण कुठे आहोत ते दिसतंय का, फॉर्म भरून सबमिट होतोय का, कुठल्या खिडकीत अडकलो तर बाहेर येता येतं का. निम्म्या चुका इथेच सापडतात.

मग एनव्हीडीए चालू करा. एच दाबत जा, हेडिंगवर हेडिंग येतील. के दाबलं की लिंक, बी ला बटन, एफ ला फॉर्मचे रकाने. एनव्हीडीए की (म्हणजे इन्सर्ट बटन) आणि एफ७ दाबलं तर सगळ्या लिंकची यादी येते, त्यात 'येथे क्लिक करा' असं दहा वेळा दिसलं तर ऐकणाऱ्याला काय कळणार ते तुम्हीच ठरवा. आवाज समजत नसेल तर स्पीच व्ह्यूअर चालू करा, तो काय बोलतोय ते अक्षरात दिसतं. कंट्रोल दाबलं की तो गप्प होतो, हे आधी शिकून घ्या.

आणि शेवटी रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्या माणसाकडून तपासून घ्या, त्याच्या वेळेचे पैसे देऊन. हे काम आहे, उपकार नाहीत.

१४. मार्कशीट, सातबारा, गणित, हे कसं वाचतात?

तक्त्यात दोघांतला फरक फार ठळक दिसतो. टीटीएस मार्कशीट वाचताना 'मराठी ७२ गणित ६५ इंग्रजी ५८ १०० १०० १००' असं एका दमात म्हणतं, कशाचे किती काही पत्ता लागत नाही. एनव्हीडीएमध्ये कंट्रोल, ऑल्ट आणि बाण दाबून एकेका चौकोनात जाता येतं, तो रकान्याचं नावही सांगतो, अट एवढीच की तक्ता कोडमध्ये खरा तक्ता असावा आणि त्याला शीर्षकं असावीत. फोटोतल्या तक्त्याला स्क्रीन रीडरही काही करू शकत नाही.

गणिताचंही तेच. समीकरण मॅथएमएल या गणित लिहायच्या कोडमध्ये लिहिलेलं असेल तर एनव्हीडीए मॅथकॅट या गणित वाचणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मदतीने ते तुकड्या तुकड्याने वाचतो, वर्गमुळाच्या आत काय आणि बाहेर काय ते कळतं. साध्या टीटीएसला एक्सचा वर्ग 'एक्स दोन' असाच दिसतो.

१५. पासवर्ड, ओटीपी सगळं मोठ्याने बोलतं. धोका नाही का?

इअरफोन लावा, एका कानात पुरतो. पासवर्ड टाइप करताना स्क्रीन रीडर अक्षराऐवजी 'स्टार' किंवा 'डॉट' म्हणतो, सेटिंग बदलता येतं. स्क्रीन कर्टन नावाची सोय चालू केली तर स्क्रीन काळी राहते आणि फोन चालू राहतो, बसमध्ये शेजारच्याला काही दिसत नाही. आयफोनला तीन बोटांनी तीनदा टेकवायचं, एनव्हीडीएलाही ही सोय आहे.

टीटीएसचा धोका वेगळा असतो. नेटवरचा आवाज वापरला की मजकूर कुणाच्या तरी सर्व्हरवर जातो, म्हणून बँकेचं पत्र, मेडिकल रिपोर्ट कुठल्याही 'फ्री व्हॉइस' साइटवर पेस्ट करू नका, फोनमधला ऑफलाइन आवाज वापरा. आणि अनोळखी ॲपने ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मागितली तर देऊ नका, त्या परवानगीने ॲपला पूर्ण स्क्रीन वाचता येते. याच भीतीने काही बँकिंग ॲप अशी कुठलीही सेवा चालू दिसली की बंदच पडतात, मग चोरांसोबत अंध ग्राहकही बाहेर राहतो. हे चूक आहे, सुटायला पाहिजे. अशी तक्रार कशी करायची ते प्र. २१ मध्ये आहे.

१६. परीक्षेला लेखनिकाऐवजी कंप्युटर मागता येतो का?

केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत ब्रेल, कंप्युटर, मोठी छपाई किंवा रेकॉर्डिंग यातला पर्याय निवडायची मुभा दिली होती, आणि कंप्युटर असेल तर आदल्या दिवशी तपासून बघू द्यावा असंही होतं. २०२५ मध्ये त्यांच्या जागी नव्या सूचना आल्यात, त्या बघून मागणी करा. अर्जात 'टीटीएस' लिहू नका, 'स्क्रीन रीडर' लिहा आणि कुठला, कुठल्या मराठी आवाजासह तेही लिहा. नाहीतर प्रश्नपत्रिका वाचणारं काहीतरी देतील आणि उत्तर लिहिताना मुलाला काय टाइप झालं तेच कळणार नाही.

१७. पुस्तक स्कॅन करून अंध मुलीला ऐकवलं तर कॉपीराइटचा गुन्हा होतो का?

नाही. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात दिव्यांग व्यक्तीच्या वापरासाठी पुस्तक वाचण्याजोग्या रूपात करायला सूट आहे. ती फाइल दिव्यांग नसलेल्यांना वाटली किंवा नफ्यासाठी विकली तर मात्र सूट लागू नाही. त्याआधी सुगम्य पुस्तकालयावर शोधा, २०१६ पासून ही ऑनलाइन लायब्ररी आहे, कदाचित ते पुस्तक कुणीतरी आधीच तयार केलेलं असेल.

१८. एटीएम बोलतं, नोट ओळखणारं ॲप बोलतं. ते स्क्रीन रीडर झाले का?

नाही, त्यांचा आवाज त्यांच्यापुरता. भारतातलं पहिलं बोलणारं एटीएम युनियन बँकेने २०१२ मध्ये अहमदाबादला बसवलं, त्यात इअरफोन लावला की फक्त त्या मशीनच्या पायऱ्या ऐकू येतात. रिझर्व्ह बँकेचं २०२० मध्ये आलेलं मनी (MANI) ॲप नोट किती रुपयांची ते सांगतं. एटीएमवर तुम्ही आपला टॉकबॅक लावू शकत नाही, म्हणून त्यानेच बोलावं हे बरोबर आहे. वेबसाइटला हा नियम लावू नका, तिथे माणूस आपला स्क्रीन रीडर घेऊनच येतो.

१९. दोन्ही एकदम वापरले तर?

एकाच क्षणी नको, आवाजावर आवाज चढतो. आळीपाळीने बरेच अल्पदृष्टी लोक वापरतात, शोधायला स्क्रीन रीडर आणि लांबलचक लेख ऐकायला टीटीएस. पण स्क्रीन रीडरलाही सलग वाचायला सांगता येतं, एनव्हीडीए की आणि खालचा बाण, की तो इथून शेवटपर्यंत वाचतो. त्यामुळे स्क्रीन रीडर येत असेल तर वेगळ्या टीटीएसची गरज नाही. उलटं मात्र होत नाही, टीटीएस कितीही चांगलं असलं तरी त्याने फॉर्म भरता येत नाही.

२०. एआय आता फोटो बघून सगळं सांगतं. स्क्रीन रीडरची गरज संपेल का?

फोटोत काय आहे हे सांगण्यात एआयने खरंच मोठी मदत केलीय. कपड्याचा रंग, डब्यावरचं नाव, लग्नातल्या फोटोतली माणसं, आधी यासाठी कुणाला तरी विचारावं लागायचं. टॉकबॅकमध्येही आता फोटोचं वर्णन करायची सोय आलीय. पण एआय अंदाज करतं, आणि चुकीचा अंदाजही तितक्याच ठामपणे सांगतं. 'रद्द करा' आणि 'पैसे पाठवा' यातलं कुठलं बटन आहे हे अंदाजावर सोडता येत नाही, ते ॲपने सांगितलेलंच पाहिजे. वर्णनाला एआय घ्या, व्यवहाराला स्क्रीन रीडर.

२१. सरकारी साइट किंवा बँकेचं ॲप स्क्रीन रीडरने चालत नाही. तक्रार कुठे आणि कशी करू?

कायदा तुमच्या बाजूने आहे. २०१६ च्या कायद्याचं कलम ४२ माहिती-तंत्रज्ञान सर्वांना वापरता येण्याबद्दलच आहे. ३० एप्रिल २०२५ ला सुप्रीम कोर्टाने डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं सांगितलं आणि केवायसी दिव्यांगांना करता यावी म्हणून २० निर्देश दिले. तो खटला ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि अंध याचिकाकर्त्यांनी लढला होता, डोळे मिचकावून दाखवा म्हणणारी केवायसी त्यांना पूर्णच करता येत नव्हती.

आधी त्या संस्थेला ईमेल करा म्हणजे तारखेसह पुरावा राहतो. उत्तर नाही आलं तर महाराष्ट्रात दिव्यांग आयुक्तांकडे, त्यांचं कार्यालय पुण्याला आहे. बँकेसाठी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडेही जाता येतं. 'ॲप चालत नाही' एवढंच लिहिलं तर ते 'आमच्याकडे चालतंय' म्हणून मोकळे होतात. म्हणून फोनचं मॉडेल, स्क्रीन रीडर कुठला, ॲपची आवृत्ती, कुठल्या पानावर अडलं, तिथे स्क्रीन रीडर काय बोलला आणि काय बोलायला पाहिजे होता, हे सगळं लिहा. जमलं तर आवाजासकट स्क्रीन रेकॉर्डिंग जोडा, त्यात ओटीपी किंवा खाते नंबर ऐकू येत नाही ना ते पाठवण्याआधी एकदा तपासा.